नाव एकच, सैनिक दोन : इटलीतल्या एका युद्धस्मारकाच्या भेटीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

महाड तालुक्यातलं एक कुटुंब. आई ऐंशी ओलांडलेली, मुलगा पुण्यात नोकरीला, मूळ घर गावात आईच्या भाच्याच्या ताब्यात. आईचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडले, तेव्हा ती मांडीवरची होती. वडिलांचा फोटो घरात नाही. त्यांच्याबद्दल तिच्या आईने जे सांगितलं तेवढंच तिला माहीत : मराठा पलटण, मुंबईच्या गोदीतून बोट, आणि नंतर आलेली तार. त्या माउलीने जन्मभर महाडच्या ट्रेझरीतून विधवा पेन्शन घेतली आणि नव्वदच्या दशकात ती गेली.

खरी नावं इथे देत नाही. आडनावावाचून हे प्रकरण समजणार नाही, म्हणून 'पवार' असं धरून चालू. कोकणातल्या कितीतरी गावांत सापडेल असंच त्यांचं खरं आडनावही आहे, आणि पुढचा सगळा गुंता त्यामुळेच झाला.

आमच्या भागातल्या सैनिक-कुटुंबांचे जुने कागद वाचून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. मुलाचा फोन आला तो एवढ्याच कामासाठी : "सर, इटलीच्या व्हिसासाठी आजोबांचा काही पुरावा जोडायचाय. एक इंग्रजी पत्र लिहून द्याल का?" तोवर सहलीचे पैसे भरून झाले होते. रोममध्ये मुक्काम, एक दिवस कसिनो गावातलं युद्धस्मारक, परत रोम.

थोडा इतिहास इथेच सांगतो, कारण निर्णय त्यावर फिरले. इटलीच्या मोहिमेत भारताच्या तीन डिव्हिजन लढल्या : चौथी, आठवी आणि दहावी. ५,७८२ भारतीय सैनिक तिथे मेले. मराठा लाइट इन्फंट्रीचे दोन व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे त्या काळचं सर्वोच्च शौर्यपदक, याच मोहिमेतले आहेत. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले, आणि शिपाई नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी पराक्रम केला. घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि महाडकडे येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांना ओळखतो.

अडचण

भाच्याने राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोध घेतला होता. ही संस्था १९१७ साली स्थापन झाली. दोन्ही महायुद्धांतल्या राष्ट्रकुलाच्या सुमारे १७ लाख मृत सैनिकांच्या समाध्या आणि स्मारकं ती सांभाळते, आणि त्यांची यादी सर्वांना खुली आहे. भाच्याने आजच्या स्पेलिंगने 'पवार' आणि पहिलं नाव टाकलं, रेजिमेंट निवडली आणि एक नोंद मिळाली : कसिनो स्मारक. नोंदीत नाव, नंबर, पलटण आणि तारीख एवढंच होतं. बापाचं नाव नाही, गाव नाही. त्याने मनाशी हिशेब जुळवला की घाडग्यांचं नाव कसिनोच्याच स्मारकावर आहे, मग आपले आजोबाही तिथलेच. घरात आनंद झाला. आत्याला, म्हणजे या आईला, सांगण्यात आलं, "तुझ्या बाची समाधी सापडली."

या एका वाक्यात दोन चुका होत्या.

कसिनो स्मारक ही समाधी नव्हे. सिसिली आणि इटलीच्या मोहिमेत ज्यांची समाधी माहीत नाही, अशा चार हजारांहून अधिक जणांची नावं तिथे संगमरवरी खांबांवर कोरलेली आहेत. घाडगे कसिनोपासून कितीतरी उत्तरेला पडले, तरी त्यांचं नाव तिथे आहे ते याच कारणाने. स्मारकाचं ठिकाण म्हणजे मृत्यूचं ठिकाण असं नसतं. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ कुटुंबांची इथेच गल्लत होते.

दुसरी चूक लक्षात यायला कागद लागले. मी मुलाला म्हटलं, पत्र देतो, पण आधी आजीच्या पेन्शनचं पुस्तक बघू. गावच्या पत्र्याच्या पेटीत ते निघालं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण अलाहाबादच्या संरक्षण पेन्शन कार्यालयाच्या शिक्क्याखाली सैनिकाचा नंबर स्पष्ट वाचता येत होता. कसिनोच्या नोंदीतला नंबर तो नव्हता. मृत्यूची तारीखही जुळेना. पेन्शन १९४३ च्या अखेरीपासून सुरू झाली होती आणि कसिनोवरचा सैनिक १९४४ च्या उन्हाळ्यात गेला होता.

मग नव्याने शोध. त्या काळच्या कारकुनांनी आपली नावं कानाला ऐकू आली तशी लिहिली. पवारांच्या स्पेलिंगमध्ये आज 'पी'नंतर 'ए' येतो, त्यांनी बरेचदा 'ओ' घातला. तसा शोध घेताच दुसरी नोंद समोर आली. तेच पहिलं नाव, पहिली बटालियन, नोव्हेंबर १९४३ चा अखेर, सांग्रो नदी दहनस्मारक, म्हणजे दहन झालेल्या सैनिकांच्या नावांचं स्मारक. नंबर पेन्शनच्या पुस्तकाशी तंतोतंत जुळला. खाली दोन ओळी होत्या : अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, गाव अमुक, कुलाबा. गावाचं नाव मोडूनतोडून लिहिलेलं होतं. जिल्हा कुलाबा, कारण रायगड हे नाव १९८१ चं. रायगड म्हणून शोधलं असतं तर काहीच हाती लागलं नसतं. बायकोचं नाव मात्र बरोबर होतं. मुलाने ते फोनवर आईला वाचून दाखवलं, तेव्हा तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

म्हणजे एकाच पलटणीत एकाच नावाचे दोन सैनिक होते, दोघेही इटलीत मेले, आणि पैसे भरून ठेवलेली सहल दुसऱ्याच्या दाराशी जाणार होती.

पर्याय

सांग्रो कसिनोच्या वाटेवर नाही. इटलीच्या पूर्व किनाऱ्यालगत, तोरीनो दि सांग्रो गावाजवळ ते स्मशानस्थळ आहे. रोमहून गाडीने अडीच-तीन तास, तेही देश आडवा ओलांडून. सहल कंपनीने मार्ग बदलायला नकार दिला. घरात चर्चा झाली, मीही तिच्यात होतो.

भाच्याचं म्हणणं होतं, कसिनोलाच जाऊ. सगळे आपलेच जवान, हात जोडायचे तर कुठूनही जोडता येतात. यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. एरवी कुणी प्रवासी म्हणून जात असेल तर मीही हेच सांगेन. कसिनोला रोमहून जाणं सोपं, आणि ते स्मारक ज्या युद्धस्मशानात आहे, त्या ४,२७१ समाध्यांच्या जागी प्रत्येक भारतीयाने जायला हवं.

मुलाच्या मनात वेगळंच होतं. आईचे गुडघे, रक्तदाब, इतक्या लांबचं विमान. आपण एकट्याने जावं, सांग्रोहून व्हिडिओ कॉल लावावा, आईने घरी बसून दर्शन घ्यावं. डॉक्टरांचा कल थोडाफार याच बाजूला होता.

तिसरा पर्याय होता कुठेच न जाण्याचा. आयोगाकडून स्मारकाची माहिती मागवायची, नावाचा फोटो मिळवायचा आणि पितृपंधरवड्यात गावात विधी करायचा. पुण्याला खडकीचं युद्धस्मशान आहे, तिथे फूल वाहता येईल असंही कुणी सुचवलं. खडकीची जागा मोलाची आहे, पण तिथली माणसं वेगळी. ती सूचना मी तिथल्या तिथे बाजूला ठेवायला सांगितली.

चौथा पर्याय सहल रद्द करून स्वतंत्र जाण्याचा. खर्च जवळपास दीडपट, भरलेल्या पैशांतले बरेच बुडणार, गाडी आणि चालक आपणच ठरवायचे.

निर्णय कसा झाला

या सगळ्या चर्चेत जिला जायचं होतं तिला कुणी विचारलंच नव्हतं. कारण तसं विचारायचं तर आधी तिला सांगावं लागणार होतं की समाधी नाही, बाला जाळलं, आणि उरलंय ते फक्त नाव. मुलगा ते बोलायला धजावत नव्हता. "आई कोलमडेल," एवढंच तो म्हणायचा. असे बरेच दिवस गेले.

शेवटी त्याने सांगितलं. आई कोलमडली नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "जाळलं का? आपल्या रीतीनं?" मुलगा हो म्हणाला. "मग बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटायचं, पडला असंल कुठं चिखलात." इतकी वर्षं ती हे चित्र मनात घेऊन जगत होती. समाधी नसल्याची बातमी सगळ्यांनी वाईट म्हणून दडवून ठेवली, आणि तिला त्याच बातमीने धीर दिला. माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वळण हेच.

जागेचा निकालही तिने एका वाक्यात लावला. "माजा बा तिथं नसंल तर मी तिथं जाऊन काय करू?" व्हिडिओ कॉलबद्दल ती म्हणाली की नावाला हात लावायचाय, फोनला नाही.

मग चौथा पर्याय. त्यात तिने स्वतःची भर घातली : त्या दुसऱ्या पवाराचं कुणी गेलं असेल का? कळत नाही म्हटल्यावर तिने कसिनोचा दिवसही ठेवायला लावला. पैसे वाढले, मुलगा कुरकुरला नाही.

तयारी

आईच्या वयाला प्रवास विमा महाग पडला. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचं कवच लागतंच. व्हिसाच्या अर्जाला पेन्शन पुस्तकाची प्रत, आयोगाच्या नोंदीची प्रत आणि नातं दाखवणारा कागद जोडला. व्हिसा वेळेत मिळाला.

वेळ पितृपंधरवड्याची ठरली. घरात आजवर सर्वपित्रीला पान ठेवत, कारण तिथी ठाऊक नव्हती. गावच्या गुरुजींनी सांगितलं, शस्त्राने गेलेल्याचं श्राद्ध चतुर्दशीला, घातचतुर्दशीला करतात. तिकिटं त्या बेताने काढली. सप्टेंबर अखेरीची हवाही म्हाताऱ्या माणसाला सोसणारी.

काय न्यायचं यावर मात्र बराच काथ्याकूट झाला. गावची माती नेऊन तिथे वाहायची आणि तिथली माती आणायची, हा भाच्याचा आग्रह. दोन्ही होण्यासारखं नव्हतं. बाहेरच्या देशातून माती युरोपीय संघात नेता येत नाही आणि परवान्याशिवाय भारतात आणताही येत नाही. वनस्पतींचे रोग पसरू नयेत म्हणून हे नियम आहेत. पेढे बाद, कारण प्रवाशाने सोबत दुधाचे पदार्थ नेण्यास तिथे बंदी. तूपही त्याच कारणाने राहिलं. ताज्या फुलांना आरोग्य प्रमाणपत्र लागतं. नारळ मात्र चालतो : अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाच फळांना त्या प्रमाणपत्रातून सूट आहे. तरी विमानात नारळावरून वाद नको म्हणून तो रोममध्येच घ्यायचं ठरलं. पियात्सा व्हित्तोरियोच्या परिसरातल्या एका बांगलादेशी दुकानात तो मिळाला, शेंडीसकट.

एक गोष्ट मी निक्षून सांगितली होती : दगडाला हळदकुंकू लावायचं नाही, तेल-पाणी ओतायचं नाही. पांढऱ्या चुनखडीच्या दगडात कुंकवाचा डाग शिरला की निघत नाही, आणि त्या पाटीवर आपल्या एकट्याचं नाव नसतं. भाच्याला हे रुचलं नाही. आत्यानेच त्याला गप्प केलं.

प्रत्यक्ष भेट

मी सोबत नव्हतो. पुढचं सगळं मायलेकांनी सांगितलेलं.

सांग्रोचं स्मशानस्थळ डोंगरउतारावर आहे. २,६१७ समाध्या, ओळीने उभ्या पांढऱ्या शिळा. सगळ्यांची उंची सारखी, मग मेजर असो की शिपाई. नोव्हेंबर-डिसेंबर १९४३ मध्ये एड्रियाटिक किनाऱ्याकडच्या लढाईत आणि पुढच्या हिवाळ्यात जे मेले, त्यांना आसपासच्या मुलखातून इथे आणलं. त्या नोव्हेंबरात सांग्रोला असा पूर आला की बांधलेले पूल वाहून गेले. आठव्या डिव्हिजनमधली आपली मराठा पलटण याच नदीवर लढली. दहनस्मारक याच आवारात आहे. हिंदू आणि शीख सैनिकांच्या रीतीप्रमाणे दहन झालं, अशांसाठी इटलीत तीन ठिकाणी स्मारकं आहेत : इथे, रिमिनीच्या गुरखा स्मशानात आणि फोर्लीला. सांग्रोच्या स्मारकावर पाचशेहून अधिक नावं आहेत.

मुलाला वाटलं होतं, नाव शोधायला वेळ लागेल. तसं झालं नाही. नावं रेजिमेंटप्रमाणे, त्यात हुद्द्याप्रमाणे आणि मग वर्णानुक्रमाने असतात; पलटण आणि हुद्दा माहीत होता, त्यामुळे सरळ जागेवर पोचता आलं. आईला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत. "यातला माजा बा कुठला?" तिने विचारलं. मुलाने तिचं बोट धरून पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं. मग तिने ते आपलं आपण पुन्हा केलं. वरच्या-खालच्या ओळींवरूनही बोट फिरवलं आणि ही कुणाची नावं म्हणून विचारलं. मुलगा वाचत गेला : जाधव, कदम, मोरे, शिंदे. "आपल्याकडचीच की सगळी," ती म्हणाली.

केळीचं पान नव्हतं. घरून नेलेल्या पत्रावळीवर नारळ, तांदूळ, हळदकुंकू आणि जवळच्या गावातून घेतलेली पांढरी फुलं मांडली. तिळाच्या तेलाचा दिवा लावला आणि निघण्याआधी शांत केला. नारळ फोडला नाही. मंत्र कुणाला येत नव्हते. तिने वडिलांना उद्देशून जे बोलायचं ते बोललं, आणि ते काय होतं हे मुलानेही मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. अभिप्रायाच्या वहीत तिने मराठीत सही केली, गावाचं नाव लिहिलं. लहान मुलाच्या हातची अक्षरं दिसतात तशी ती सही वाकडी आहे. फोटो मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी कसिनो. दुसऱ्या पवाराच्या नावापुढे फूल ठेवलं, नंतर घाडग्यांच्या. तिथे हिंदू सैनिकांच्या शिळांवर देवनागरीत 'ॐ भगवते नमः' कोरलेलं दिसतं, ते मात्र तिने स्वतः वाचलं.

निष्पत्ती

आई सुखरूप परतली. गुडघे सुजले, चार दिवसांत उतरले. वडिलांची तारीख आता घरात माहीत आहे.

महाड-पोलादपूर आणि साताऱ्याकडच्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत : या गावातून इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. आकडा असतो, नावं नसतात. या कुटुंबाने आता गावातल्या सैनिकांची नावं गोळा करायला घेतली आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदी त्यातल्या त्यात सोप्या. पहिल्यातल्या मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, नोंदी फार अवघड. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय शिपायांची नावं कोरलीच नाहीत, प्रत्येक पलटणीचा निव्वळ आकडा कोरला. ते स्मारकही १९९७ मध्ये इराक सरकारच्या आदेशाने मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेलं. हा भेदभाव झाला, हे आयोगाने २०२१ च्या आपल्या अहवालात मान्य केलं आहे. त्या शिपायांच्या पणतवंडांना सांग्रोसारखं बोट ठेवायला नाव मिळत नाही, याचा मला राग येतो आणि तो यावाच असं वाटतं.

काय वेगळं करता आलं असतं

पैसे भरण्याआधी पेटी उघडायला हवी होती. सैनिकाचा नंबर हा एकच पुरावा निर्णायक. नाव, पलटण, अगदी गावसुद्धा दोघांचं सारखं असू शकतं, नंबर नाही. पेन्शनचं पुस्तक नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरकडे विचारणा करता येते. शोध घेताना आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं आणि जिल्ह्याचं जुनं नाव, दोन्ही वापरून पाहावं. सिंधुदुर्गवाल्यांनी रत्नागिरी टाकावं.

आईशी आधी बोलायला हवं होतं. तिला जपायचं म्हणून घालवलेल्या दिवसांत सहल बदलण्याची मुदत टळली आणि कापले गेलेले पैसे वाढले.

रोमहून एका दिवसात सांग्रो गाठून परत येणं हा निर्णयही चुकला. सहा तासांच्या गाडीप्रवासामुळे स्मारकापाशी जेमतेम दीड तास मिळाला, आणि म्हातारं माणूस अशा जागी लवकर उठत नाही. पेस्काराला किंवा किनाऱ्यावरच्या एखाद्या गावात मुक्काम केला असता तर दुसऱ्या सकाळी पुन्हा जाता आलं असतं. आईने तसं बोलूनही दाखवलं.

भाच्याला विधीच्या चर्चेत सुरुवातीपासून घ्यायला हवं होतं. नियम त्याच्यापर्यंत पोचले ते नकार म्हणून. माती का नाही, कुंकू का नाही, हे कारणासकट कळलं तेव्हा पत्रावळीची युक्ती त्यानेच काढली.

दोन कामं उरली आहेत. गावाच्या नावातली चूक दुरुस्त व्हावी म्हणून आयोगाकडे अर्ज केला आहे. पुरावा जोडला तर ते नोंद सुधारतात. आणि कसिनोवरच्या त्या दुसऱ्या पवाराचा नंबर देऊन बेळगावला पत्र धाडलं आहे, त्याचं गाव कोणतं ते कळावं म्हणून. त्याच्या नावाचे आणि तिथे ठेवलेल्या फुलाचे फोटो मुलाने वेगळ्या पाकिटात घालून माझ्याकडे दिले आहेत, पत्ता मिळाला की पाठवायला.